जुन्या सायकलीपासून क्लंकर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माळवदावर, गोठ्याच्या आढ्याला, कडब्याच्या गंजीमागं, जुनी सायकल आपल्याकडं कुठंही निघते. अशा सायकलींपासून मी आतापर्यंत चार क्लंकर बांधल्या. तीन पाटोद्याच्या आसपास माळावर पळतात, चौथी भाच्यानं परभणीला नेली. बघणारे थांबून जे विचारतात, फोनवर जे विचारतात, ते सगळं इथं लिहून ठेवतो. बांधताना एकच कसोटी मी पाळतो: तालुक्याच्या गावातल्या कुठल्याही मिस्त्रीला ती दुरुस्त करता आली पाहिजे. खालची बहुतेक उत्तरं त्या कसोटीतून आलेली आहेत.

क्लंकर म्हणजे नेमकं काय?

जुन्या, दणकट, साध्या सायकलीचे सुटे भाग काढून, जाड टायर घालून माळरान आणि डोंगरउतारासाठी बांधलेली सायकल. शब्द अमेरिकेतला आहे. तिथं खडखडणाऱ्या जुन्या वाहनाला क्लंकर म्हणत. 1970 च्या दशकात कॅलिफोर्नियात मरीन परगण्यातल्या तरुणांनी 1930-40 च्या काळातल्या श्विन कंपनीच्या सायकली भंगारातून उचलल्या. मडगार्ड, कॅरिअर, दिवे सगळं उतरवलं आणि माउंट टॅमलपायसच्या परिसरातल्या कच्च्या रस्त्यांवरून त्या खाली सोडायला सुरुवात केली. वजन 20 किलोच्या वर, गिअर नाही, ब्रेक फक्त मागच्या हबमध्ये, म्हणजे चाकाच्या मधल्या भागात. पायडल उलटं दाबलं की लागणारा.

फेअरफॅक्स गावाजवळच्या एका उतारावर 21 ऑक्टोबर 1976 ला त्यांची पहिली शर्यत झाली. उताराचं नाव पडलं रिपॅक. एकदा खाली उतरलं की हबमधलं ग्रीस तापून, धूर होऊन निघून जायचं, मग हब उघडून पुन्हा ग्रीस भरावं लागायचं, म्हणून ते नाव. गॅरी फिशर, जो ब्रीझ, चार्ली केली ही त्यातली माणसं. जो ब्रीझनं 1977 मध्ये याच कामासाठी मुद्दाम नवी फ्रेम बांधली आणि तिथून पुढं माउंटन बाइक जन्माला आली. आज 26 इंची म्हणून जो टायर मिळतो, त्याचं माप श्विननं 1933 मध्ये आणलेल्या फुगीर टायरचं आहे. आपल्या गावातल्या जुन्या रेंजर सायकलीचा टायरसुद्धा त्याच घराण्यातला.

आपल्याकडं श्विन कुठून आणायची?

आणायची गरज नाही. हर्क्युलस, ॲटलस, हिरो, ॲव्हॉन, सेन-रॅले अशी कुठलीही जुनी काळी सायकल घ्या. तिचा पुढचा पाइप बराच कललेला असतो, मागचा त्रिकोण लांब असतो. उतारावर ती सरळ धावते, झटक्यानं वळत नाही. कॅलिफोर्नियातल्या पोरांना जुन्या श्विनमध्ये नेमका हाच गुण सापडला होता. आणि आपली काळी सायकल तर डांबर नसलेल्या रस्त्यांसाठीच बनलेली. धान्याचं पोतं, दुधाच्या घागरी, मागं बायको आणि दांड्यावर लेकरू एवढं घेऊन ती पांदीतून गेलेली आहे.

22 इंची फ्रेम मिळाली तर उत्तम. 24 इंची फ्रेमवर उंच माणूससुद्धा उतारावर आडव्या दांड्याला अडखळतो. दुधवाल्यांची डबल बार फ्रेम मजबूत असते, पण वजन आणखी वाढतं. मी एक बांधली होती, चढावर दम काढते. ओझं न्यायचं असेल तरच ती घ्या.

चालू स्थितीतली जुनी सायकल मोडून क्लंकर करावी का?

नको. हे मी ठामपणं सांगतो. ज्या सायकलीचे रॉड ब्रेक, चेनकव्हर, चामड्याची सीट, मडगार्डवरची सोनेरी रेघ सगळं जागेवर आहे, ती तशीच राहू द्या, तेल-पाणी करा आणि वापरा. तसल्या सायकली दरवर्षी कमी होत चालल्यात. क्लंकरसाठी मडगार्ड सडलेली, चाकं गेलेली, पण फ्रेम शाबूत असलेली सायकल शोधा. भंगारवाल्याकडं ती लोखंडाच्या भावानं मिळते. आणि फ्रेमवर नगरपालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा कराचा जुना बिल्ला लावलेला असेल तर तो काढून फेकू नका. ज्या घरातून सायकल आली त्या घरी आधी विचारा, बिल्ला त्यांना हवा असतो.

भंगारातली फ्रेम चांगली आहे हे कसं ओळखायचं?

घाई न करता उन्हात न्या आणि ओल्या फडक्यानं पुसा. पहिल्यांदा हेडच्या पाइपाखाली, म्हणजे हँडलची दांडी ज्यातून जाते त्या पाइपाखाली, खालचा दांडा जिथं जोडाला मिळतो तिथं बोट फिरवा. समोरून धडकलेल्या सायकलीला तिथं बारीक फुगवटा येतो किंवा रंगाला सुरकुती पडते. डोळ्याला दिसत नाही, बोटाला लागते. तशी फ्रेम परत ठेवा. मग बीबीची नळी, म्हणजे पायडलचा एक्सल ज्यात फिरतो ती, खालून बघा. पावसाचं पाणी सीटच्या पाइपातून उतरून तिथंच साठतं. एका रुपयाच्या नाण्यानं दांडे ठोकत जा. चांगला पाइप खणखणतो, आतून खाल्लेला बद्द वाजतो.

आता फ्रेम सरळ आहे का ते. गवंडी वापरतात तो नायलॉनचा दोरा घ्या. मागचा एक्सल ज्या पट्टीत बसतो त्या एका बाजूच्या पट्टीला बांधा, पुढं हेडच्या पाइपाला वळसा द्या आणि दुसऱ्या बाजूच्या पट्टीपर्यंत ताणून आणा. सीटच्या पाइपापासून दोऱ्याचं अंतर डावीकडं आणि उजवीकडं मोजा. एक-दोन मिलिमीटरचा फरक मी चालवून घेतो. पाच-सहा मिलिमीटर असेल तर जाणत्या मिस्त्रीकडून वाकवून सरळ करून घ्या, लोखंडी फ्रेम ते सहन करते.

सीटचा दांडा पाइपात जाम बसलेला असतो, हे जवळजवळ ठरलेलंच. गंज सोडवणारं तेल सोडून चार दिवस थांबा, रोज थोडं थोडं सोडा, मग सीटसकट पिळा. पहिल्याच दिवशी पाइप-पाना घालून ताकद लावली तर फ्रेमचा कानच फाटतो.

कॉटर पिन निघत नाही, काय करू?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. सगळ्यात जास्त नुकसानही इथंच होतं.

कॉटर पिन म्हणजे क्रँक, म्हणजे पायडलचा दांडा, एक्सलला घट्ट धरणारी पिन. तिचा नट पूर्ण काढू नका. आट्याच्या टोकाशी सपाट येईपर्यंतच सैल करा, म्हणजे हातोडीचा मार नटावर जाईल आणि आटे वाचतील. आता अर्धा इंची लोखंडी पाइपाचा तुकडा असा कापा की तो जमिनीवर उभा राहून क्रँकच्या खाली, पिनेच्या अगदी लगत टेकेल. पिनेचं डोकं पाइपाच्या पोकळीत उतरलं पाहिजे. हा टेकू नसेल तर तुमचा प्रत्येक घाव एक्सलमधून बीबीतल्या छऱ्यांवर आणि ते ज्यात फिरतात त्या वाट्यांवर जातो. वाटीत खळगे पडले की पायडल आयुष्यभर कटकट करत फिरतं. टेकू लागला की मोठी हातोडी घ्या आणि एकच घाव घाला, नेमका. छोट्या हातोडीचे वीस फटके पिन वाकवतात, बाहेर काढत नाहीत. वाकलीच तर ड्रिल करावं लागतं.

नवी पिन 9.5 मिमीची लागते. दुकानातून आणलेली पिन बहुधा तशीच बसत नाही, तिचा सपाट उतार कानशीनं घासून जुळवावा लागतो. दोन्ही पिना सारख्याच घासा. एक जास्त घासली गेली तर दोन क्रँक एका रेषेत राहत नाहीत आणि चालवताना पायाला लगेच कळतं. दोन्ही बाजूंच्या पिना एकमेकींच्या उलट दिशेनं घालायच्या. ठोकून बसवायच्या, नट फक्त धरून ठेवायला आहे. तीस-चाळीस किलोमीटर चालवल्यावर पुन्हा एकदा ठोकून नट आवळा.

बीबीची उजव्या बाजूची वाटी फिरतच नाही.

तिचे आटे उलटे असतात. घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं फिरवलं की सुटते. डाव्या पायडलचंही तसंच. वाटी गुळगुळीत असेल तर काढूच नका, जागेवर पुसून ग्रीस भरा. आत पाव इंची छर्रे असतात, साधारण एका बाजूला अकरा. जुने मोजून, एक नमुना खिशात घालून दुकानात जा आणि सगळे नवेच आणा. जुन्या-नव्याची मिसळ करू नका.

चाकं 28 चीच ठेवू की 26 ची घालू?

माळावर, मुरुमाच्या पायवाटेवर, दगडगोट्यात जायचं असेल तर 26. काळ्या सायकलीच्या 28 इंची टायरचं माप 635 मिमीचं, रुंदी 38 ते 40 मिमी. त्या मापात खोबणीदार जाड टायर आपल्या बाजारात मिळत नाही. 26 मध्ये 2.1 इंचापर्यंतचा टायर कुठंही मिळतो. रिंगचं माप 559 मिमी.

चाक लहान झालं की सगळी सायकल खाली बसते, साधारण 22 ते 24 मिमी. पायडल दगडाला लागायची शक्यता तेवढी वाढते, म्हणून वळणावर आतलं पायडल वर ठेवायची सवय लावा. फायदा असा की लहान चाकाचा टायर मागच्या दांड्यांमध्ये जिथं येतो तिथं दांडे जास्त फाकलेले असतात, त्यामुळं जाड टायरला जागा मिळते. तरी विकत घेण्याआधी कुणाच्या तरी रेंजरचं चाक मागून आणून घालून बघा. दोन्ही बाजूंनी करंगळी जाईल एवढी फट हवीच, नाहीतर चिखल घासतो.

आता एक गोष्ट जी न कळल्यामुळं लोक रिंगा परत करायला जातात. आपल्या काळ्या सायकलीच्या पुढच्या हबला 32 भोकं असतात आणि मागच्याला 40. 26 च्या रिंगा सहसा 36 भोकांच्या. म्हणजे जुने हब नव्या रिंगेत चालत नाहीत, 36 चे हब घ्यावे लागतात. मागच्या हबची रुंदीही बघा. जुन्या फ्रेमच्या मागच्या पट्ट्यांमधलं अंतर 110 मिमीच्या आसपास असतं. पायब्रेकचे, म्हणजे कोस्टर हब बहुतेक त्याच रुंदीचे येतात. गिअरच्या सायकलीचा 135 मिमीचा हब त्यात कोंबायला जाऊ नका.

चाक विणायला मिस्त्रीकडंच द्या आणि शेजारी बसून बघा. आमच्याकडच्या म्हाताऱ्या मिस्त्रीनं माझी पहिली रिंग उलट्या सायकलीवर फिरवून, खडूचा तुकडा चिमट्याला, म्हणजे चाक धरणाऱ्या पुढच्या दुफाट्याला, टेकवून आऊट, म्हणजे रिंगेचा वाकडेपणा, काढला. खडू जिथं उमटला तिथल्या तारा पाव-पाव आटा. "घाई करायलाव तुम्ही. तारंला बोलू द्या," एवढंच म्हणाले आणि नखानं एकेक तार वाजवत गेले. सगळ्या एका सुरात आल्या तेव्हा उठले. ते चाक अजून सरळ आहे.

ब्रेक कोणता लावायचा?

दोन. एक मागं, एक पुढं. याला पर्याय नाही.

जुना रॉड ब्रेक रिंगेच्या आतल्या बाजूला दाबतो. तो 26 च्या रिंगेला बसत नाही, आणि लोखंडी ओल्या रिंगेवर तर नावालाच लागतो. मागं कोस्टर हब घाला. केबल नाही, तार नाही, चिखलाचा परिणाम नाही. त्याची लांबट पट्टी फ्रेमच्या मागच्या डाव्या दांड्याला क्लिप आणि बोल्टनं पक्की बांधायची असते. ती सुटली तर ब्रेक लावताच फिरून आऱ्यांत घुसते. हबमध्ये साधं पिवळं ग्रीस न भरता गाडीच्या चाकाच्या बेअरिंगचं, उष्णता सहन करणारं ग्रीस भरा. लांब उतारानंतर हबजवळ हात नेऊन बघा, पण टेकवू नका. रिपॅकवाल्यांचं ग्रीस का जळत होतं ते कळेल.

कोस्टर ब्रेक साखळीवर चालतो. साखळी उतरली की ब्रेक गेला. हे मी शिकलो ते बालाघाटाच्या एका मुरुमाच्या उतारावर. पहिली सायकल नुकतीच झाली होती, पुढचा ब्रेक लावायचा राहिला होता आणि साखळी सैल होती, बोटानं दाबली तर तीन सेंटिमीटर खाली जायची. एका आडव्या दगडावरून चाक उडालं, चेन चेनव्हीलवरून पडली आणि पायडल मागं दाबलं तर ते हवेत फिरलं. बांधावरच्या बाभळीनं मला थांबवलं. दंडातले काटे आईनं सुईनं काढले. तेव्हापासून माझ्या कुठल्याही सायकलीला पुढचा ब्रेक लावल्याशिवाय ती अंगणाबाहेर जात नाही, आणि साखळीचा झोळ सेंटिमीटरभरच ठेवतो.

पुढच्या ब्रेकसाठी तीन वाटा आहेत. जुन्या रेंजरचा चिमटा, ज्याला कँटिलिव्हर ब्रेकचे, म्हणजे दोन्ही बाजूंनी रिंगेवर रबर दाबणाऱ्या ब्रेकचे, खुंट आधीच असतात, तो घालता येतो. पण त्याच्या वरच्या दांडीची लांबी मोजा. काळ्या सायकलीचा हेडचा पाइप लांब असतो आणि रेंजरची दांडी बऱ्याचदा आखूड पडते. ती वेल्डिंग करून लांब करायची कल्पना कुणी सुचवली तर ऐकू नका, तो जोड तुटला तर तोंडावर पडाल. दुसरी वाट, मूळ चिमट्यालाच खुंट जोडून घेणं. तिसरी, ड्रम ब्रेकचा पुढचा हब. ड्रम महाग पडतो, पण चिखलात त्याच्यासारखा ब्रेक नाही. माझी पसंती दुसऱ्या वाटेला, कारण त्याचे रबर कुठल्याही दुकानात मिळतात.

खुंट कोण जोडून देईल?

गॅसवर पितळेची काडी वितळवून जोडणारा कारागीर शोधा. जुन्या फ्रेमचे जोडसुद्धा पितळेचेच असतात. गेट-ग्रील करणाऱ्याकडं विजेची वेल्डिंग असते, ती चिमट्याच्या पातळ पाइपाला भोक पाडते. जोडताना 26 चं चाक चिमट्यात बसवून न्या आणि रबर रिंगेवर नेमकं कुठं येतं ते खडूनं आखून द्या. दोन खुंटांच्या मध्यांमध्ये साधारण 80 मिमी अंतर लागतं. तयार झाल्यावर ब्रेक दाबून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

गिअर नसताना चढ कसा चढायचा?

दाते बदलून. काळ्या सायकलीवर पुढं 44 आणि मागं 18 दाते असतील तर पायडलच्या एका फेऱ्यात ती जवळपास साडेपाच मीटर जाते. सपाट सडकेला छान, मुरुमाच्या चढाला जड. 26 च्या चाकावर मागं 22 दाते घातले की हे अंतर 4.2 मीटरवर येतं, आणि बालाघाटातले बरेचसे चढ उभं राहून निघतात. पुढचं 36 चं चेनव्हील आणि मागं 20 मिळालं तर आणखी हलकं. ज्या चढाला तेही जमत नाही तिथं उतरून ढकला. रिपॅकवाल्यांनाही वर जायला कुणाचा तरी ट्रक लागायचा.

हँडल?

रुंद. रेंजरचं सरळ हँडल चालेल. खांद्यापेक्षा रुंद आणि टोकाला थोडं मागं वळलेलं असेल तर उत्तम. पहिल्या क्लंकरवाल्यांनी मोटरसायकलची हँडलं आणि ब्रेकच्या मुठी लावल्या होत्या. हँडलची खालची दांडी चिमट्यात किती आत गेली पाहिजे याची खूण तिच्यावरच असते, त्या खुणेच्या वर काढू नका.

बाभळीच्या काट्यांचं काय?

आपल्याकडं खरा शत्रू हाच. बाभूळ आणि सराटा. सराट्याचा काटा कसाही पडला तरी एक टोक वर असतं. मी जुनी ट्यूब मधोमध चिरून तिची पट्टी टायर आणि ट्यूब यांच्यामध्ये घालतो. वजन वाढतं, पंक्चर निम्म्याहून कमी झाली. ट्यूबमध्ये सीलंट भरलं तर आणखी बरं. हवा 30 ते 40 पीएसआयच्या मध्ये ठेवा. दगड झाला टायर की मुरुमावर घसरतो. बांधाच्या कडेनं, जिथं नुकती बाभूळ छाटली आहे तिथून सायकल उचलून न्या, लाज वाटू देऊ नका.

पावसाळ्यात चालवता येते का?

मुरुमावर येते. काळ्या रानात नाही. चार-सहा सरी पडल्या की आपली काळी माती टायरला अशी चिकटते की दहा पावलांत चिमट्यात गच्च बसून चाकच थांबतं. शिवाय ओल्या रानात चाकोरी पडते, ती शेतकऱ्याला वाळल्यावर त्रास देते. वापसा आला की निघा.

रंग द्यावा का?

मी देत नाही. ऑक्झॅलिक आम्लाच्या सौम्य पाण्यात गंजलेले भाग रात्रभर बुडवले की गंज सुटतो आणि जुना काळा रंग, बॅजची रेघ वाचते. हातमोजे घाला, लेकरांपासून आणि गुरांपासून ते पाणी दूर ठेवा. मग स्वच्छ धुऊन, वाळवून जवसाचं पक्कं तेल फडक्यानं अगदी पातळ चोळा. पाइपांच्या आतही थोडं सोडून फ्रेम चारही बाजूंना फिरवा. जवस वाळून पापुद्रा धरतो आणि गंज थांबवतो. वापरलेलं फडकं गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, ते आपोआप पेट घेऊ शकतं. पाण्यात भिजवून, पसरून वाळवा.

याच कारणासाठी साखळीला मात्र जवस किंवा करडईचं तेल घालू नका. घरात करडई असते म्हणून लोक घालतात, आणि महिन्याभरात साखळी गुळासारखी चिकट होते. शिलाई मशीनचं तेल बरं, साखळीचं खास तेल त्याहून बरं.

किती दिवस लागतात, आणि खर्च?

रविवारचे रविवार काम केलं तर दोन-तीन महिने. त्यातला अर्धा वेळ जाम झालेले भाग सुटण्याची वाट बघण्यात जातो. फ्रेम स्वस्त पडते, पैसा चाकांत जातो: हब, रिंगा, तारा, टायर. काटकसर करायची तर सीट, हँडल, पायडल जुन्यातलं घ्या. चाकं, ब्रेक आणि साखळी यांत हात आखडू नका.

पहिली फेरी कुठं मारावी?

सपाट माळावर, रिकाम्या हातानं, अर्धा तास. मग घरी येऊन प्रत्येक नट पुन्हा आवळा. त्यानंतर छोटा उतार. सराव झाल्यावर बालाघाटाचं पठार आहेच, अंबाजोगाईकडं, धाराशिवकडं कुठंही. संभाजीनगरवाल्यांना खुलताबाद, शूलिभंजन आणि म्हैसमाळचं पठार जवळ आहे. गौताळा अभयारण्यात जायचं तर वनखात्याला आधी विचारा. किल्ले आणि लेण्यांच्या आवारात सायकल नेऊ नका.

सोबत काय ठेवायचं?

एक्सलच्या नटाला बसणारा पाना, एक जादा ट्यूब, पंक्चरचं सोल्यूशन आणि ठिगळं, हातपंप, साखळीची एक जोडकडी, कॉटर पिनेचा एक नट आणि हातभर तार. मी हे सगळं आजोबांच्या जुन्या चंचीत गुंडाळून सीटखाली बांधतो. आणि काटे काढायला एक सुई, चंचीच्या कापडात टोचलेली.